राधानगरीच्या वर शेतात टेंट टाकून इको टुरिझम करावं का? खरंखरं सांगा

भोगावतीकाठचा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीय, चालवून घ्या. मी नोकरीला कोल्हापुरात पण गाव राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या अंगाला. डोंगराला लागून आमची भावकीची जमीन हाय, वर नाचणी-वरी, मधी भात आणि खाली जरासा ऊस. ऊस आपला नावाला आमचा, खातंय गव्यांचं खांड. पंचनामा होतोय, भरपाईबी मिळतीय, पण हेलपाटे मारून मारून चप्पल झिजतंय आणि पैसे हातात येईस्तोवर पुढचा ऊस खाऊन झालेला असतोय.

आता चुलतभावाच्या डोक्यात इको टुरिझम शिरलंय. त्याचं म्हणणं, मे-जूनला काजवे, पावसाळ्यात राऊतवाडीचा धबधबा, दिवाळीनंतर अभयारण्यात सफारी, म्हंजे वर्षभर गिऱ्हाईक. त्यात पुण्याची एक पार्टी बघून गेली, जागा पंधरा वर्षं भाडेकरारानं द्या, टेंट आम्ही टाकतो, तुमची चार पोरं कामाला घेतो म्हणतायत. जाता जाता स्विमिंग पूलचंबी बोलून गेले. आबा एवढंच म्हणाले की सही करायची असंल तर मी गेल्यावर करा.

मला स्वतःला कळंना झालंय. गावात पैसा आला पायजे हे खरं, पोरं सगळी गोकुळ शिरगाव नाहीतर पुण्याला पळाल्यात. पण जंगल बघायला येणाऱ्यांनीच जंगलाची वाट लावलेलीबी बघितलंय. तर ज्यांनी हे धंद्याच्या आतनं बघितलंय त्यांनी सांगा, फायदा नक्की कुणाला होतोय आणि तोटा कुणाच्या गळ्यात पडतोय? गुगलवरचं नको, ते वाचून झालंय.

---

जीपवाला_दाजीपूर

भावा मी त्याच रोडला गाडी मारतो, त्यामुळं आधी फायद्याचं सांगतो. दाजीपूर 1958 ला गव्यांसाठी राखलं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, त्याच्याआधी संस्थानचं शिकारीचं रान. एवढी वर्षं गावाला त्यातनं काय मिळालं? हिकडं गुरं सोडू नका, लाकूड तोडू नका, तिकडं जाऊ नका. पर्यटक यायला लागल्यापास्नं पहिल्यांदा असं झालं की जंगल हाय म्हणून चार घरात पैसा येतोय. गाडीवाला, गाईड, वडापाववाला, मध विकणारी मावशी. गावात परत आलेली पोरं माझ्या बघण्यातली हैत, आणि त्यातलाच एकजण आधी डुकराला फासं लावायचा तो आता गाईड हाय. त्याला जनावराच्या पायवाटा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त म्हाईत, साहजिकच की.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतंय, चार महिने गाडी दारात उभी आणि बँकेचा हप्ता काय पावसाळ्यात थांबत नाही. त्यामुळं सीझनला जो तो जमंल तेवढं ओढून घ्यायला बघतो, शनिवार-रविवार एका गाडीला दोन चकरा जास्त कशा बसतील एवढंच डोक्यात.

आणि गिऱ्हाईक. सावराई सड्याकडं, म्हंजे वरच्या कातळाच्या पठाराकडं, जाताना गवा दिसला नाही तर थोबाड वाकडं, दिसला तर आणखी जवळ घ्या. एकदा रस्त्याच्या कडंला मोठा नर उभा होता, अंगानं काळाभोर, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यागत, मान खाली घालून आमच्याकडं एकटक बघायलाय, नाकातनं फुस्स आवाज काढला त्यानं. मी इंजिन बंद करून सगळ्यांना गप बसा म्हणून सांगितलं आणि मागच्या सीटवरचा बाबा टाळ्या वाजवून त्याला फिरवायला बघतोय, व्हिडिओत शिंगं नीट यावीत म्हणून. बरं तो शिकलेला माणूस, गाडी महागडी, इकडं कोल्हापुरातलाच.

---

रंकाळा_कट्टा

टेंट आला की स्पीकर आला, स्पीकर आला की बाटली आली, बाटली आली की काचा आल्या आणि सकाळी त्या काचा तुमच्याच भातात. एवढाच इको आमी बघितलाय. नाद सोड मर्दा.

---

सडा_वेडी

रंकाळा दादा, तुमचं अगदीच खोटं नाही पण सगळं एका वाक्यात गुंडाळू नका हो. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि मुलांना घेऊन त्या भागात जात असते, मला दोन गोष्टी जरा सविस्तर सांगायच्यात कारण काजवे हा शब्द आला.

काजव्यांचा सीझन म्हणजे वळवाचे पाऊस झाले की मेच्या शेवटापासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत, झाला संपला. त्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना जोडीदार शोधायचा असतो आणि ते चमकणं त्यासाठीच असतं, आपल्या करमणुकीसाठी नाही. नर उडत उडत चमकतो, मादी बहुतेक वेळा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्यच थोडं, बरेचसे तर या दिवसांत काही खातही नाहीत. त्याआधीचे कितीतरी महिने त्याची अळी ओल्या मातीत, पाचोळ्यात राहून गोगलगायी खात काढते. म्हणजे तुम्ही टेंटसाठी जागा साफ केली, पाचोळा जाळला, झुडपं छाटली, की पुढच्या वर्षीचे काजवे तिथंच संपले, आणि ते संपलेले कुणाला दिसतपण नाहीत.

आणि उजेडाचं. एका रात्री आम्ही हिरड्याच्या एका झाडाखाली होतो. सगळं झाड एकदम लुकलुकायचं, एकदम विझायचं, पोरं अक्षरशः तोंड उघडं टाकून बघत होती. वळणावर एक गाडी आली, हेडलाइट फुल्ल, झाडावरनं नुसता उजेड फिरला आणि झाड बंद. परत सुरू व्हायला कितीतरी वेळ लागला, तेही आधी एका फांदीवर, मग दुसऱ्या, पहिल्यासारखा ताल काही जमला नाही. तेवढ्यात दुसरी गाडी आली. अशा शनिवारच्या रात्री किती गाड्या येतात हे जीपवाल्या दादांनीच सांगावं. भंडारदऱ्याला काजवे बघायला जी झुंबड उडते ती तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तिकडं वनखात्याला निर्बंध घालावे लागले.

सड्यांचं तसंच. लांबून बघितलं तर उजाड कातळ, तिथं काय आहे म्हणून लोक सरळ गाडी वर घालतात, मसाई पठारावर चाकांच्या चाकोऱ्या जाऊन बघा. त्या कातळावर माती बोटभर, पण पावसाळ्यात त्यातच सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू उगवतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे खाणाऱ्या वनस्पती, कारण त्या मातीत नायट्रोजन अगदीच कमी. एक टायर फिरला की ती माती वाहून जाते आणि परत तयार व्हायला आपला जन्म पुरायचा नाही.

पण म्हणून पर्यटन नको असं मी म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात सड्यांच्या खाली बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज आहे, इदरगंज, दुर्गमानवाड भागात खाणी होऊन गेल्यात. ज्या सड्याला लोक बघायला येतात, ज्याचं नाव झालंय, तो खणायला काढला तर निदान बोंब तरी होते. ज्याचं नावच कुणाला माहीत नाही तो कधी गेला हेही कळत नाही. 2012 ला पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला त्यात आपलं राधानगरी आहे, कास, कोयना, चांदोलीच्या रांगेत. किती कोल्हापूरकरांना ठाऊक आहे ते?

---

चुलीवरची_ताई

भोगावतीकाठचा दादा, मी आंबा घाटाकडची. आमच्या घरी पाहुणे ठेवतो, दोन खोल्या फक्त, रिसॉर्ट-बिसॉर्ट काही नाही. वरचं सगळं वाचलं, पण एकानंबी घरातल्या बाईचं विचारलं नाही म्हणून लिहायला बसले.

पैसा येतोय, नाही म्हणत नाही. माझ्या हातात पहिल्यांदा माझा म्हणून पैसा आला तो यातनंच, पोरीच्या कॉलेजची फी त्यातनंच भरते आणि आता घरात मलाबी विचारल्याशिवाय काही ठरत नाही. पण काम कोण करतंय? रात्री अकराला पाहुणा म्हणतोय मावशी तांबडा पांढरा अजून आणा, सकाळी सहाला त्यास्नी चहा पायजे कारण पक्षी बघायला जायचंय. चुलीवरची भाकरी पायजे, फोटो काढायला पायजे, पण धूर माझ्या डोळ्यात. सरपण कुठनं येतंय ते कुणी विचारत नाही, ते जंगलातनंच येतंय की ओ. आता मी सरळ सांगते की भाकरी गॅसवर, पटलं तर या. रुसणारे रुसले, पण दर वर्षी परत येणारी माणसं काय चुलीसाठी येत नव्हती.

दुसरं पाणी. पावसाळ्यात आमच्याकडं धो धो, गगनबावड्याला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण एप्रिल लागला की झरा आटतो. पाहुण्याला अंघोळीला दोन बादल्या, वर हात धुवायला नळ सोडून ठेवणार, आणि शेजारची म्हातारी घागर घेऊन खाली वड्याला. माझं तिच्याशी त्यावरनं भांडण झालंय आणि चूक तिची नव्हती. तुम्ही स्विमिंग पूल लिहिलाय ना, तिथंच मी हात जोडले. मे महिन्यात तो पूल कशानं भरणार ते त्या पार्टीला विचारा बघू.

---

भटकंती_निवांत

ताईंचा मुद्दा लाखातला. मी धंद्यातला नाही, पण अशी ठिकाणं बरीच बघितली म्हणून थोडं.

माझ्या मते सगळा खेळ दोन प्रश्नांचा आहे. आजचा आकडा भरला, आता बास, हे म्हणायचा अधिकार कुणाकडं? आणि गल्ल्यावर कोण बसलंय? हे दोन्ही गावाच्या हातात असलं तर जंगल टिकतं, नाहीतर नुसती पाटी इकोची.

वेळासचं बघा, मंडणगड तालुक्यात. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायची आणि लोक ती उकरून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 च्या सुमारास संवर्धन सुरू केलं, नंतर कासव महोत्सव सुरू झाला. तिथं मोठं हॉटेल नाही, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात, जेवण घरचंच. अंडी राखली तर पाहुणा येतो हे गणित घराघरात कळलं, मग राखायला वेगळा माणूस लागला नाही. पण तिथंपण गोम आहे. पिल्लं कधी बाहेर येतील ते कासवाच्या हातात, लोक शनिवार गाठून येतात आणि पिल्लू दिसलं नाही की चिडचिड. आता त्या मंडळींसाठी शुक्रवारी निघालेलं पिल्लू दुसऱ्या दिवसापर्यंत दाबून ठेवायचं का?

केरळात पेरियारला त्याहून भारी केलंय. जंगलात शिरून झाडांच्या साली चोरणारी माणसं, त्यांच्यावर केसेस होत्या. वनखात्यानं त्यांनाच घेऊन ट्रेकचे गाईड केलं आणि तेच लोक रात्रीची गस्तपण घालतात. जीपवाल्या दादांच्या फासेवाल्याची गोष्ट वाचली तेव्हा मला तेच आठवलं.

कासला दिवसाला किती माणसं सोडायची त्याचा आकडा ठरवला, ऑनलाइन बुकिंग, प्रवेश फी, आणि आसपासच्या गावांची समिती ते चालवते. चांगलंच आहे. पण मधी गर्दी आवरायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं आत जायची बंद झाली, आणि काही वर्षांनी फुलंच कमी झाली अशी ओरड सुरू झाली. गुरं चरून मोठं गवत कमी व्हायचं, शेण पडायचं, छोट्या फुलांना ऊन मिळायचं, असं तिथले जुने लोक सांगत होते. शेवटी कुंपण काढायला लागलं.

आणि नुसते दर वाढवूनपण भागत नाही. भूताननं 2022 ला परदेशी पाहुण्याला माणशी रोजचे 200 डॉलर लावले, पाहुणेच आटले, पुढच्या वर्षी 100 वर आणायला लागले. आपल्या भारतीयांना 1200 रुपये. गर्दी कमी होते हे खरं, पण मग जंगल फक्त खिसेवाल्यांचं. राधानगरीला असं केलं तर आपल्याच जिल्ह्यातली झेडपीच्या शाळेतली पोरं गवा बघणार कधी?

---

रंकाळा_कट्टा

भटकंती भाऊ अभ्यास लई दांडगा, पण गावाच्या हातात म्हंजे कुणाच्या? सरपंचाच्या मेव्हण्याच्या? धबधब्याला पार्किंगची पावती फाडतात, त्या पैशाचं काय होतंय ते ग्रामसभेत विचारून बघा. एक कचऱ्याचा डबा न्हाई राव.

---

भटकंती_निवांत

हा हा, मान्य. ते उत्तर माझ्याकडं नाही.

---

जुना_धनगरवाडा

मी सगळं वाचलो. माझं वय झालंय, नातू टाईप करून देतोय.

आमचा वाडा जंगलात हाय. आमी गुरं, म्हसरं घिऊन पिढ्या काढल्या. अभयारण्य झालं तवापास्नं आमाला सांगत्यात, तुमच्यामुळं जनावरास्नी तरास होतोय, खाली या, पुनर्वसन करतो. काय गेले, काय ऱ्हायले. जे गेले त्यास्नी जमीन कुठली मिळाली, कशी मिळाली ते त्यास्नीच इचारा. आता मला एक सांगा, माझ्या धा म्हशींनी जंगलाला तरास होतोय, आणि रोज गाड्या भरून माणसं जात्यात त्येनं होत न्हाई व्हय? ती माणसं पैसं देत्यात म्हणून? हिरडा, शिकेकाई आमी गोळा केली की चोरी, आणि त्येच पाकिटात घालून इकलं की निसर्ग पर्यटन.

माणसं येऊ देत, माझी ना न्हाई. आलेल्यास्नी मी ताक देतो, पैसं घेत न्हाई. पण आमाला खाली ढकलून वर दुसऱ्याचं तंबू लागणार असतील तर त्यो धंदा मला पटत न्हाई. पोरा, तुझा आबा बरोबर बोलतोय.

---

भोगावतीकाठचा

सगळ्यांचे आभार, काल रात्री आबांना सगळं वाचून दाखवलं. धनगरवाड्यावरच्या आजोबांचं परत वाचायला लावलं त्यांनी.

मला आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हंजे पार्टीला नाही म्हणायचं हे तर जवळजवळ ठरलं, पण चुलतभाऊ ऐकत नाही, त्याचं म्हणणं भांडवल कुठनं आणायचं, पार्टी आपला पैसा घालतीय. दुसरं, स्वतः करायचं म्हटलं तर टेंट की घरातल्याच खोल्या?

---

चुलीवरची_ताई

घरातल्याच खोल्या. डोळे झाकून. टेंट दोन पावसाळ्यात कुजतोय, आमच्याकडचा पाऊस म्हंजे खेळ नाही, आणि टेंटवाल्या गिऱ्हाइकाला रात्र जागवायची असती. घरात म्हातारी माणसं, लेकरं असली की पाहुणाबी नीट वागतोय. पयला खर्च संडासावर करा, सेप्टिक टँक नीट बांधून घ्या आणि वड्यापास्नं लांब. तुमचं सांडपाणी भोगावतीला जाणार, भोगावती पंचगंगेला, तुमचेच पावणे कोल्हापुरात पिणार ते.

सरकारची न्याहारी-निवास योजना हाय त्यात नोंद करून घ्या, शेती दाखवणार असला तर 2020 चं कृषी पर्यटन धोरण हाय, त्याचीबी नोंदणी होती. कागद हाय म्हटल्यावर बँकपण दारात उभी करती. आणि बुकिंगच्या ॲपवर पयल्या वर्षी जाऊ नका, एका ॲपनं माझं कमिशनबी कापलं आणि पाहुणा आला नाही तर खोली रिकामी ती वेगळीच.

---

जीपवाला_दाजीपूर

भाडेकराराचं मी सांगतो, चुलतभावाला वाचायला दे. आमच्या वळणावर एकानं अशीच जागा दिली. पयल्या वर्षी गावातली पोरं कामाला, दुसऱ्या वर्षी म्हणाले पोरं सुट्ट्या लई घेत्यात, मॅनेजर बाहेरचा, आचारी बाहेरचा, भाजी कोल्हापूर मार्केटची. गावातलं राहिलं कोण तर वॉचमन, आणि तो वॉचमन म्हंजे स्वतः जागेचा मालक. रात्री गेट उघडायला उठतोय बिचारा. पैसा त्यांचा हाय हे खरं, पण मग हुकूमबी त्यांचाच.

---

सडा_वेडी

आणि काजव्यांच्या दिवसांत पाहुणे घेणारच असाल तर एवढं करा, गाड्या खाली गावातच लावायच्या आणि झाडापर्यंत चालत न्यायचं. बॅटरीला लाल कागद लावायचा, मोबाईल खिशात. अंगणातला बल्बपण त्या दिवसांत बंद. तुमच्या बांधावर हिरडा, ऐन, जांभूळ अशी मोठी झाडं असतील तर त्याच्याखालचा पाचोळा अजिबात झाडू नका, पाहुण्याला घाण वाटली तरी. येताना मुलांना घेऊन येईन मी, पण दहा-बाराच्या वर नाही.

---

भोगावतीकाठचा

मॅडम नक्की या. हिरड्याची दोन आणि ऐनाचं एक हाय, त्यातला एक हिरडा चुलतभावाच्या वाटणीत येतोय, त्यानं पार्किंगसाठी तिथंच जागा आखली होती. रविवारी गावाला जाऊन आधी त्याच्याशी तेवढं मिटवतो.

---

रंकाळा_कट्टा

मिटलं तर मला एक खोली ठेव. स्पीकर आणत न्हाई.